शास्त्रात थिअरीचं नेमकं काम काय? (कोयनेवरून निघालेला वाद)

पाटणचा_पाहुणा
मंडळी, एका वादात तुमचं मत पाहिजे. आमचा चुलतभाऊ इंजिनिअर आहे, त्याचं म्हणणं असं की विज्ञान पुढं जातं ते मोजमापानं आणि यंत्रांनी, थिअऱ्या वगैरे नंतर प्रोफेसर लोक बसून लिहितात. आणि उदाहरण त्यानं आपल्याच दारातलं दिलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनानगर. ६.३ चा भूकंप, दोनशेच्या आसपास माणसं गेली, गाव सपाट झालं. आणि त्याच्या आधी थिअरी काय सांगत होती, तर दख्खनचं पठार म्हणजे जुनं, घट्ट, स्थिर, इथं मोठा भूकंप होत नाही. म्हणजे थिअरीनं मदत तर सोडाच, उलट डोळ्यांवर पट्टी बांधली. मला त्याचं पटत नाही पण तोंडावर उत्तरही सुचलं नाही. तुम्हाला काय वाटतं? थिअरीमुळं शास्त्र पुढं जातं का थिअरी असूनसुद्धा जातं?

वाळवा_एक्सप्रेस
थिअरी ७० मार्काला, प्रॅक्टिकल ३० ला, आणि ते ३० सुद्धा एक्सटर्नलच्या जेवणावर. विषय संपला, धागा बंद करा :)

बागायतदार_तासगाव
चुलतभावाशी निम्मा सहमत. आमच्या द्राक्षातलंच सांगतो. बोर्डो मारत नाही असा बागायतदार दाखवा, मोरचूद आणि चुना, तिसरं काय नाही त्यात. हे कुठल्या थिअरीतनं आलं नाही. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडंच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडायचे, कशासाठी तर येणाऱ्याजाणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत, दिसायलाच विषारी दिसलं पाहिजे म्हणून. मिलार्डे नावाचा वनस्पतीशास्त्राचा प्रोफेसर १८८२ ला तिकडनं चालला होता, त्याच्या ध्यानात आलं की आजूबाजूची बाग केवडा रोगानं जळालीय आणि ह्या रस्त्याकडंच्या ओळीची पानं मात्र हिरवीगार. मग त्यानं प्रयोग केले आणि १८८५ ला प्रसिद्ध केलं. चोरावरचा इलाज रोगावर लागू पडला. आता बोला, आधी अनुभव का आधी थिअरी?

फिजिक्सवाली_सांगली
@बागायतदार_तासगाव दादा गोष्ट भारी आहे, पण त्या रस्त्यावरनं मिलार्डेच्या आधी हजारो लोक गेले असतील की, आणि ते निळं पाणी मारणारे शेतकरी तर रोज तिथंच होते. मग हे त्याच्याच का ध्यानात आलं? केवडा हा बाहेरनं येणाऱ्या सूक्ष्म जीवामुळं होतो, हवामान बिघडल्यामुळं किंवा वेल म्हातारी झाल्यामुळं नाही, हे ज्याच्या डोक्यात पक्कं होतं त्यालाच पानावरचा निळा थर महत्त्वाचा वाटणार ना. बाकीच्यांनी बघितलं असेल, पण बघून करायचं काय ते त्यांच्याकडं नव्हतं.

बागायतदार_तासगाव
हां, हे बरोबर बोललात ताई. आणि पुढचं तर आम्ही रोज वापरतोय. केवडा आणि भुरी दोन्ही पानावर पांढरटच दिसतात, नवीन माणूस हमखास फसतो. भुरीवर गंधक चालतं, केवड्यावर गंधक मारून बघा, पैसे पाण्यात. कारण केवड्याचा जीव मुळात खरी बुरशीच नाही, वेगळ्याच कुळातला आहे, त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत जाऊन पानाच्या खालच्या छिद्रातनं आत शिरतात. म्हणून तर पान ओलं राहिलं की आमची झोप उडते. आणि तांबं हे आत शिरलेल्याला मारत नाही, शिरायच्या आधी अडवतं, म्हणजे फवारणी पावसाच्या आधी. आमच्या वडिलांच्या वेळी डाग दिसला की पंप काढायचे, आता डाग दिसला म्हंजे उशीर झाला हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.
अजून एक, एकाच ग्रुपचं औषध लागोपाठ मारायचं नाही हा नियम. दुकानदार सांगतो म्हणून नाही, लागोपाठ मारलं की त्यातनं जे वाचतात तेच वाढतात आणि दोन सीझनमध्ये औषध बोथट. ही डार्विनचीच गोष्ट आहे की, फक्त आमच्या बागेत घडते. तेव्हा मी निम्मा सहमत होतो तो आता पाव सहमत.

वाळवा_एक्सप्रेस
दादा ऑक्टोबर छाटणी झाली का, का इथंच डार्विन छाटताय?

बागायतदार_तासगाव
झाली. पेस्ट पण लावून झाली. पाऊस थांबू दे म्हणून हात जोडून बसलोय, म्हणून तर मोबाईल हातात आहे.

कराडकर_सर
कोयनेचं नाव निघालं म्हणून लिहितो, भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं आमचं. पाहुण्यांच्या चुलतभावाचा पहिला मुद्दा खरा आहे आणि तो झाकायचं कारण नाही. भूखंडाच्या अंतर्भागातली जुनी ढाल, म्हणजे फार जुन्या घट्ट खडकाचा भाग, स्थिर असते ही समजूत पक्की होती, भूकंपाच्या नकाशावर कोयना सुरक्षित भागात होती. १९६७ नंतर नकाशा बदलावा लागला. पण मधली गंमत लोक विसरतात. धरणात पाणी साठायला लागलं १९६१-६२ ला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षातच हादरे जाणवायला लागले, आधी तिथं असलं काही ऐकिवात नव्हतं. भूकंपमापक बसवले गेले, नोंदी होत होत्या. म्हणजे मोजमाप होतं बरं का. नोंदवह्या भरत होत्या पण त्या आकड्यांना विचारायचा प्रश्न कुणाकडं धड तयार नव्हता. यंत्र आणि मोजमाप पुरेसं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती.

प्रश्न कुठनं आला ते बघा, तीन अगदी वेगळ्या ठिकाणांहून. टेरझागी नावाचा इंजिनिअर १९२० च्या दशकात इमारतींच्या पायाखालच्या मातीचा अभ्यास करत होता, त्यानं दाखवलं की मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर कमी रेलतात आणि मातीची ताकद घटते. मग १९५९ ला हबर्ट आणि रुबी या दोघांनी हेच डोंगरांना लावलं, मैलोन् मैल लांबीचे खडकाचे थर एकमेकांवर सरकलेत ते कसे, तर भेगेतल्या पाण्याच्या दाबानं वरचा थर उचलून धरला म्हणून. घरी बघायचं असेल तर गरम पाण्यानं विसळलेला पेला ओल्या ओट्यावर उपडा ठेवा, आतली हवा फुगते आणि पेला आपला आपण सरकतो, कुणी ढकलत नाही. तिसरं ठिकाण अमेरिकेतलं डेन्व्हर. तिथं लष्कराच्या रसायन कारखान्याचं घाण पाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल बोअरमध्ये दाबानं सोडायला लागले आणि शहराला धक्के बसायला लागले. १९६५ ला इव्हान्स नावाच्या भूशास्त्रज्ञानं कुठल्या महिन्यात किती पाणी सोडलं आणि किती धक्के बसले हे एकाखाली एक मांडून जाहीर केलं, गदारोळ झाला, १९६६ च्या फेब्रुवारीत पंप बंद. आणि तिथले सर्वात मोठे धक्के बसले १९६७ ला, पंप बंद झाल्यावर!

चुलतभावाला हे विचारा. नुसता आकडा बघणारा म्हणेल पंप बंद झाला तरी भूकंप चालूच आहेत, उलट मोठे झाले, म्हणजे पाण्याचा संबंध नाही, संपलं. दाबाची थिअरी ज्याच्याकडं आहे तो म्हणेल, सोडलेला दाब भेगांमधनं हळूहळू लांब पसरतोय, अजून पोचतोय. आकडा तोच, निष्कर्ष बरोबर उलटा.

हेळवाकचा_संत्या
सर एक बोलू का, राग मानू नका. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर कुणी थिअरी न शिकता सांगतंय, धरण भरलं की हालतंय. भांडी वाजली की आमची आज्जी म्हणायची भरलं वाटतं धरण. मग शास्त्रज्ञांनी नवीन काय केलं? आम्हाला माहीतच होतं की.

पाटणचा_पाहुणा
संत्या अगदी माझ्या मनातला प्रश्न.

कराडकर_सर
राग कसला, उलट हाच खरा प्रश्न आहे. आज्जींचं निरीक्षण बरोबरच होतं. पण "धरण भरलं की हालतंय" ह्याच्यात निदान दोन वेगळी कारणं बसतात. एक, पाण्याच्या ओझ्यानं जमीन दबते आणि हलते. दोन, पाण्याचा दाब भेगांमधनं खाली पोचतो. आता ओझं म्हणाल तर हिशोब करा, १०० मीटर पाण्याचा दाब होतो साधारण १० किलो दर चौरस सेंटिमीटरला. ५ किलोमीटर खोल खडकावर वरच्या खडकाचाच दाब असतो साडेतेराशे किलोच्या घरात. म्हणजे एक टक्कासुद्धा भर पडत नाही. शिवाय ओझ्याचा परिणाम पाणी चढलं की लगेच दिसायला हवा, दाब झिरपत जायला मात्र वेळ लागतो. कोयनेत तळं भरतं ऑगस्टअखेर, धक्के वाढलेले दिसतात सप्टेंबरच्या आसपास आणि परत डिसेंबरच्या सुमाराला. ओझ्याचा काहीच वाटा नाही असं मी म्हणत नाही, पण हा उशीर नुसत्या ओझ्यानं समजत नाही.
आणि आज्जींना तुमचं धरण माहीत होतं. वारणेचं काय होईल हे त्यांच्या अनुभवातनं सांगता आलं नसतं. वारणेत १९८५ पासून पाणी साठायला लागलं आणि १९९३ पासून धक्क्यांचा पट्टा तिकडं दक्षिणेला सुद्धा पसरला. इथला नियम तिकडं लावून बघता येतो तो थिअरी असते म्हणून.

वाळवा_एक्सप्रेस
सर मग महाराष्ट्रात एवढी धरणं, जगात हजारो, सगळीकडं भूकंप का नाही? ही थिअरी सोयीची वाटते, जिथं झाला तिथं पाणी कारण, जिथं नाही झाला तिथं गप.

कराडकर_सर
चांगला हल्ला आहे. उत्तर असं की भूकंपाची ताकद धरणातनं येतच नाही. भारताचा भूभाग उत्तरेकडं रेटला जातोय, हिमालयावर अडतोय, तो ताण सगळ्या पठारात साठतो. जिथं जुनी भेग त्या ताणानं आधीच सुटायच्या काठावर आहे तिथंच शेवटचा छोटासा धक्का पाण्याचा बसतो. बहुतेक धरणांखाली अशी तयार भेग नाही म्हणून तिथं काही होत नाही.
आणि सोयीची आहे का ते तपासायची युक्ती सुद्धा लोकांनी केली. कोलोरॅडोमध्येच रँग्ली नावाचं तेलक्षेत्र आहे, तिथं १९६९ ते १९७३ मुद्दाम प्रयोग केला. खडकाचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन घर्षण मोजलं, जागेवरचा ताण मोजला, आणि त्यावरनं गणित करून काढलं की भेगेतला दाब अमुक आकड्याच्या वर गेला की भूकंप व्हायला पाहिजेत, साधारण २५७ बार (एक बार म्हणजे जवळपास एक किलो दर चौरस सेंटिमीटरला). मग पाणी सोडून दाब वर नेला, भूकंप सुरू. पाणी उपसून खाली आणला, जवळचे भूकंप थांबले. परत वर नेला, परत सुरू. माणसानं भूकंप नळासारखा चालू-बंद केला! दाब वाढवून काही झालं नसतं तर थिअरी तिथंच पडली असती. सोयीची थिअरी असल्या ठिकाणी जातच नाही.

वाळवा_एक्सप्रेस
हे माहीत नव्हतं. मानलं.

मिरजेची_डॉक्टर
मस्त चाललंय. मी जरा वेगळी बाजू मांडते, थिअरी अर्धी चुकलेली असली तरी उपयोगी पडते. रोनाल्ड रॉस आणि मलेरिया घ्या. डासाचा मलेरियाशी संबंध असावा ही कल्पना मॅन्सन नावाच्या डॉक्टरची, १८९४ ची. रॉस त्या कल्पनेच्या नादानं भारतात डास फाडत बसला, सिकंदराबादच्या उकाड्यात, पंखा लावला तर फाडलेले डास उडून जाणार म्हणून पंखा बंद. पेशंटला डास चावून घ्यायचे पैसे द्यायचे, एका डासामागं एक आणा. कितीतरी डास फाडून काही सापडेना. का, तर तो चुकीच्या जातीचे डास तपासत होता. पंखांवर ठिपके असलेली जात हाताला लागली तेव्हा २० ऑगस्ट १८९७ ला डासाच्या पोटाच्या भिंतीत ते काळे दाणे असलेले गोळे दिसले.
विचार करा, डासाच्या पोटात पेशींचा चिखल असतो, त्यात काय बघायचं हे कुणी सांगितल्याशिवाय कोण महिनोन् महिने बघत बसेल? ते काळे दाणे मलेरियाच्या जंतूचे म्हणून ओळखता आले ते सुद्धा माणसाच्या रक्तात ते आधी माहीत होते म्हणून.
पण मॅन्सनची निम्मी थिअरी चूक होती! त्याला वाटत होतं डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं माणसाला मलेरिया होतो. १८९८ ला कलकत्त्यात रॉसनं पक्ष्यांच्या मलेरियावर काम केलं आणि जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडले, म्हणजे पाणी नाही, चावा. चुकीचा भाग गळून पडला, बरोबरचा राहिला. मॅन्सन बरोबर होता का चूक हा प्रश्नच मला नीट वाटत नाही. तो नसता तर रॉस डासाकडं वळलाच नसता, एवढं मात्र खरं.

पाटणचा_पाहुणा
डॉक्टर हे भारी आहे. पण मग भावाचा पट्टीवाला मुद्दा राहतोच की. मॅन्सनच्या थिअरीनं डोळे उघडले, स्थिर पठारवाल्या थिअरीनं मिटले. आधी ओळखायचं कसं कुठली कसली?

फिजिक्सवाली_सांगली
आधी ओळखता येत नाही असं मला वाटतं. सगळ्यात चांगलं उदाहरण लव्हेरिए, फ्रेंच खगोलगणिती. युरेनस गणिताप्रमाणं चालत नव्हता, ह्या माणसानं न्यूटनवर विश्वास ठेवून सांगितलं की पलीकडं अजून एक ग्रह ओढतोय, अमुक ठिकाणी बघा. १८४६ ला त्याचं पत्र बर्लिनला पोचलं त्याच रात्री नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत. मग बुधाची कक्षा सुद्धा थोडी सरकते, शतकाला ४३ विकला जास्तीची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्याला हिशोब लागेना. ह्याच माणसानं हीच युक्ती परत केली, सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार, नाव सुद्धा ठेवलं व्हल्कन. लोकांनी वर्षानुवर्षं शोधला, नाहीच. १९१५ ला आइन्स्टाइननं दाखवलं की इथं ग्रह नाही तर न्यूटनची थिअरीच अपुरी पडतेय. माणूस तोच, थिअरी तीच, युक्ती तीच, एकदा डोळे उघडले एकदा मिटले. फरक एवढाच की दोन्ही वेळा त्यानं "इथं बघा" असं छातीठोकपणे सांगितलं होतं, म्हणून बघून नाही म्हणता आलं.
आता कॉलेजातलं सांगते, कुठलं ते विचारू नका. लंबकाचं प्रॅक्टिकल. गुरुत्वाकर्षणाचा 'जी' काढायचा, ९.८ यायला पाहिजे. कुणाचा ९.२ कुणाचा १०.५. मग सगळे बसून काय करतात, उत्तरावरून उलटं गणित करून आवर्तनाची वेळ "दुरुस्त" करतात, पेन्सिलीनं आधी, मग पेननं. मॅडम सही करतात. माझा ९.४ आला तर मला म्हणाल्या रिडिंग परत घे. परत घेतलं परत ९.४. शेवटी दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजत होते असं निघालं, मध्यापर्यंत मोजायची असते, आणि दोरा आखूड असल्यामुळं फरक चांगलाच पडत होता. सांगायचा मुद्दा हा की ९.८ माहीत होता म्हणूनच ९.४ खुपला आणि चूक शोधली गेली. पण तोच ९.८ माहीत असल्यामुळं बाकीच्या अख्ख्या बॅचनं काहीही न शोधता रिडिंग बनवले.

बागायतदार_तासगाव
आमच्याकडं पण रिडिंग बनवतात ताई, रेसिड्यू रिपोर्टचे. जाऊ दे, विषय वेगळा.

वाळवा_एक्सप्रेस
दोरा मध्यापर्यंत मोजायचा असतो हे मला आज कळलं. बारावीला माझा ९.८१ आला होता. दशांशासकट.

हेळवाकचा_संत्या
सर, ते सगळं ठीक, पण आमच्या गावच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी मेसेज येतो, अमुक अमावास्येला कोयनेत मोठा भूकंप, शास्त्रज्ञांचा इशारा. लोक बाहेर झोपतात हो थंडीत. तुमच्या थिअरीला तारीख सांगता येते का? नसेल येत तर लोक मेसेजवरच विश्वास ठेवणार.

कराडकर_सर
तारीख सांगता येत नाही. कुणालाच नाही, आणि जो सांगतो त्याला एवढंच म्हणा की तारीख, जागा आणि तीव्रता आधी लिहून सही करून दे, भूकंप झाला नाही त्या तारखा पण मोजू. त्या मेसेजवाल्यांच्या हुकलेल्या अमावास्या कुणी मोजत नाही म्हणून धंदा चालतो.
थिअरी जे सांगते ते असं. पाण्याची पातळी किती वेगानं चढतेय, किती उंच जातेय, आधीच्या सगळ्यात उंच पातळीच्या वर गेली का, आणि वर किती काळ टिकून राहिली, ह्यावर लक्ष ठेवायचं. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या नोंदींवरनं ह्या गोष्टी मांडल्या. पट्टा ठरलेला आहे, साधारण २० बाय ३० किलोमीटर, खोली बहुतेक १० किलोमीटरच्या आत. म्हणून घरं कुठं कशी बांधायची हे सांगता येतं, थंडीत अंगणात कधी झोपायचं हे नाही.

पाटणचा_पाहुणा
सर ते कोयनेजवळच्या गोठणे गावचं बोअर काय प्रकरण आहे? आमच्याकडं तेव्हा अफवा होती की तेल लागलंय.

कराडकर_सर
तेल नाही हो. भूकंप होतात त्या खडकापर्यंत जायचं, तिथलं तापमान, ताण, भेगांतलं पाणी प्रत्यक्ष बघायचं, त्याची ही तयारी. ३ किलोमीटर खोल चाचणीचं बोअर, २०१७ ला पुरं झालं. काम बघणारी प्रयोगशाळा आपल्या कराडलाच आहे. आपला काळा कातळ, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तिथं सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली थेट ग्रॅनाइट-नाईस, म्हणजे त्याहून कितीतरी जुना कठीण खडक, लागला. काहीजणांचा अंदाज होता की मधे गाळाचे थर असतील, गाळ काही लागला नाही. मला विचाराल तर ह्या सगळ्या चर्चेत मला हेच आवडतं, पन्नास वर्षं वरनं अंदाज बांधले आणि मग माणसं उठली आणि भोक पाडून बघायला गेली. पण लक्षात घ्या, भोक कुठं पाडायचं, किती खोल आणि खाली गेल्यावर काय मोजायचं, हे ठरवायला ते पन्नास वर्षांचे अंदाजच लागले.

फिजिक्सवाली_सांगली
सर मला हे प्रोजेक्टला घेता येईल का? पातळी आणि धक्के यांचा ग्राफ?

कराडकर_सर
घ्या की. धरणाची रोजची पातळी पावसाळ्यात पेपरला सुद्धा येते, धक्क्यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर मिळतात. पण नुसते दोन ग्राफ एकावर एक चढवू नका. धक्क्यांचा ग्राफ दर वेळी दोन आठवडे मागं सरकवत बघा, शून्यापासून सहा महिन्यांपर्यंत, आणि कुठं सगळ्यात चांगला जुळतो ते लिहा. ३ च्या खालचे धक्के वेगळे काढा, जुन्या काळी यंत्रं कमी होती त्यामुळं छोटे धक्के निसटलेले असणार. आणि सुरू करायच्या आधी तुमचा अंदाज कागदावर लिहून तारीख टाकून ठेवा.

वाळवा_एक्सप्रेस
पेननं लिही ताई, पेन्सिलीनं नको.

पाटणचा_पाहुणा
धाग्याची लिंक भावाला पाठवलीय. त्याचं उत्तर आलं, "रँग्लीचं मान्य, पण तिथं पण शेवटी पंप आणि मीटर इंजिनिअरनीच बसवले असतील." आता ह्याला काय बोलायचं.